माल नाही, मग ही बेटं विकतात तरी काय?

खारावारा

अँटिग्वा आणि बार्बुडा हा कॅरिबियन समुद्रातला देश. लोकसंख्या लाखाच्या आत. या देशाने २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत थेट अमेरिकेविरुद्ध तक्रार ठोकली आणि चक्क जिंकली. वीस वर्षं उलटून गेली, अमेरिकेकडून भरपाईची दमडी आलेली नाही. श्रीमंत औद्योगिक देश आणि छोटी बेटं यांच्यातला व्यवहार कसा चालतो, हे या एका खटल्यात जितकं कळतं तितकं दहा अहवाल वाचून कळत नाही, म्हणून हा धागा.

झालं असं. पर्यटन हा एका वादळात आडवा होणारा धंदा. म्हणून १९९० च्या दशकात अँटिग्वाने इंटरनेटवरच्या जुगाराच्या कंपन्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन. अमेरिकेने आपले जुने कायदे बाहेर काढून हा धंदा अडवला आणि कारण दिलं सार्वजनिक नीतिमत्तेचं. व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २००५ साली सांगितलं की नीतिमत्तेचा मुद्दा ठीक आहे, पण तुमच्याच देशात घोड्यांच्या शर्यतींवर घरबसल्या पैज लावायला मुभा दिसते, त्याचं काय? घरचा जुगार चालतो आणि परक्याचा तेवढा अनैतिक, असं कसं?

अमेरिकेने कायदा बदलला नाही. २००७ मध्ये लवादाने अँटिग्वाला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची कारवाई करायला परवानगी दिली. मागितले होते ३४० कोटींच्या वर.

आता प्रत्युत्तर द्यायचं कसं? नेहमीचा मार्ग म्हणजे समोरच्याच्या मालावर जकात वाढवणं. अँटिग्वाने जकात वाढवली तर अमेरिकेला पत्ताही लागणार नाही, उलट अँटिग्वातल्याच माणसाला पीठ, औषधं आणि गाडीचे सुटे भाग महाग पडणार. म्हणून लवादाने वेगळी वाट दिली: तेवढ्या रकमेपुरते अमेरिकन कॉपीराइट वगैरे हक्क धाब्यावर बसवा. २०१३ साली त्यावर शिक्कामोर्तबही झालं. अँटिग्वाने हा हक्क अजून वापरलेला नाही. पर्यटक अमेरिकेचे, बँकांचे डॉलर व्यवहार अमेरिकेमार्फत, मग वापरणार कुठल्या तोंडाने? मधल्या काळात अमेरिकेने जुगाराबाबतचं आपलं व्यापारी वचनच मागे घेतलं आणि त्याबदल्यात युरोपीय संघ, जपान, कॅनडा यांना दुसऱ्या सवलती देऊन टाकल्या. लढला कोण आणि पान वाढलं कुणाला!

माझं म्हणणं एवढंच. छोट्या बेटाला कारखानदारी सहसा परवडत नाही. मग त्याच्याजवळ विकण्याजोगी एकच गोष्ट उरते: देश असणं. देश आहे म्हणून दोनशे सागरी मैलांचा समुद्र मिळतो, बोटींना द्यायला झेंडा असतो, इंटरनेटच्या पत्त्याचं शेपूट असतं, पासपोर्ट छापता येतो, करांचे कायदे करता येतात, संयुक्त राष्ट्रांत एक मत असतं. गिऱ्हाईक बहुतेक वेळा श्रीमंत देश नाहीतर तिथली कंपनी. आणि विक्रीचे नियमही तेच लिहितात.

पॅसिफिकमधल्या तुवालूचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास. त्यांच्या वाट्याला '.टीव्ही' हे शेपूट योगायोगाने आलं, ते भाड्याने दिलं आणि त्याच पैशातून २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्य होण्याचा खर्च उचलला. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना हव्या असलेल्या '.एआय' या शेपटामुळे अँग्विलाची चांदी झाली आहे. २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. (अँग्विला स्वतंत्र देश नाही, ब्रिटनचा प्रदेश आहे, हे कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो.)

हिशेबनीस

धागा आवडला. 'कारखानदारी परवडत नाही' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, त्यात थोडी भर.

पहिली गोष्ट बोटीचं भाडं. कंटेनर येताना भरलेला येतो आणि जाताना रिकामा जातो, कारण भरायला काही नसतं. रिकाम्या परतीचा खर्च बोटवाले कुणाकडून काढणार? येणाऱ्या मालावरच चढवतात. दुसरी गोष्ट वीज. पॅसिफिकमधल्या बहुतेक बेटांवर ती अजून मुख्यतः डिझेलवर बनते आणि डिझेल आयातीचं. शेजारच्या ग्रिडकडून वीज उसनी घेता येत नाही, त्यामुळे एक जनरेटर बंद पडला तर दुसरा हवाच. म्हणजे गरजेपेक्षा जास्त यंत्रं विकत घ्या, सांभाळा, सुटे भाग मागवा.

आणि सरकार? दहा हजार माणसांच्या देशालाही परराष्ट्र खातं लागतं, हवामान खातं लागतं, लेखापरीक्षक लागतो, विमानतळावर अग्निशमन बंब लागतो. यातलं काहीही लोकसंख्येच्या प्रमाणात लहान होत नाही. मोठ्या देशात हा खर्च कोट्यवधी लोकांत वाटला जातो आणि कुणाला जाणवतही नाही.

ओसरी

सगळं मान्य, पण मग सिंगापूर? माल्टा? आइसलँड? तीही बेटंच आहेत आणि खाऊन-पिऊन सुखी आहेत. भूगोलाला किती दोष देणार?

खारावारा

@ओसरी, सिंगापूरला बेट म्हणणं म्हणजे नुसता नकाशा बघणं झालं. जगातल्या अतिशय वर्दळीच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरचं ते बंदर आहे. माल्टा युरोपीय संघाच्या आत आहे, म्हणजे बाजारपेठ घरचीच.

आइसलँडचं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं आहे. १९७५ साली त्यांनी आपली मासेमारीची हद्द दोनशे मैलांवर नेली. ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या संरक्षणाला युद्धनौका पाठवल्या. आइसलँडचे गस्ती बोटवाले त्या ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापत फिरत होते. त्यांच्याकडे आरमार नव्हतंच. होता तो केफ्लाविकचा तळ, शीतयुद्धात अमेरिकेला आणि नाटोला हवा असलेला. नाटोतून बाहेर पडायची धमकी दिली आणि १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली. पकडीत काहीतरी असलं की लहान देशही जिंकतो. पॅसिफिकमधल्या किरिबाटीच्या पकडीत असं काय होतं?

मासळीबाजार

ट्यूना होता की! पण पकड यायला वेळ लागला.

किरिबाटीची जमीन ८११ चौरस किलोमीटर आणि समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. त्या समुद्रातून मासा न्यायच्या जपान, अमेरिका, कोरिया, तैवान, स्पेन यांच्या बोटी. एकेका देशाशी वेगळा करार, आणि परवान्याच्या शुल्कापोटी माशाच्या किमतीचा अगदी थोडा हिस्सा बेटांच्या पदरात. एखाद्या बेटाने जास्त मागितलं की बोट शेजारच्याच्या हद्दीत. मासाही तिकडे जातोच, त्याला सरहद्द कळत नाही.

१९८२ मध्ये नाउरू करार झाला. किरिबाटी, तुवालू, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, पलाऊ, सॉलोमन बेटं, पापुआ न्यू गिनी आणि नाउरू असे आज आठ देश त्यात आहेत. खरा डाव टाकला २००७ मध्ये. मासा मोजणं सोडून त्यांनी दिवस मोजायला घेतले. वर्षाला बोटींचे अमुक इतके दिवस, ते आठांत वाटायचे, आणि ज्याला जाळं टाकायचंय त्याने दिवस विकत घ्यायचे. किमान भाव सगळ्यांनी मिळून ठरवायचा. तो पुढे दिवसाला ८,००० डॉलरवर गेला. जगातल्या स्किपजॅक जातीच्या ट्यूनापैकी जवळपास निम्मा याच पाण्यातून येतो, त्यामुळे बोटी जाणार कुठे? २०१० च्या सुमाराला आठही देशांना मिळून वर्षाला सहा कोटी डॉलर मिळत होते, दशक संपेपर्यंत ते पन्नास कोटींच्या घरात गेले. समुद्र तोच, मासा तोच. फक्त एकेकट्याने घासाघीस करायचं सोडलं.

डबाबंद करायचे कारखाने मात्र अजून बहुतांशी दुसरीकडेच आहेत. त्याचं कारण हिशेबनीस यांनी वर दिलंच आहे.

बोटवाला

झेंड्याबद्दल लिहितो, पोटापाण्याचा विषय आहे.

मर्चंट नेव्हीत असताना आमच्या बोटीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'माजुरो' रंगवलेलं होतं. माजुरो म्हणजे मार्शल बेटांची राजधानी; बोटीची नोंदणी आणि झेंडा तिथला. कॅप्टन युक्रेनचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपल्याकडचे, मालक ग्रीक. माजुरो यांपैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. बोट तिकडे कधी फिरकणारही नव्हती. नोंदणीचा कारभार चालतो अमेरिकेत, व्हर्जिनियातून. जगातल्या सगळ्यात मोठ्या तीन जहाज-नोंदणींपैकी ही एक. मार्शल बेटांना त्यातून शुल्क मिळतं, पण जहाजं मिळवतात त्यापुढे ते काहीच नाही.

दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या. आजही तिथलं अंदाजपत्रक मोठ्या प्रमाणात अमेरिकेशी असलेल्या करारातून येणाऱ्या पैशावर उभं आहे, आणि त्याच्या बदल्यात संरक्षणाचे सगळे हक्क अमेरिकेकडे. मग तिथल्याच क्वाजालीनवर क्षेपणास्त्रांची चाचणी. म्हणजे खारावारांच्या यादीत अजून एक माल घाला: मोक्याची जागा.

कायद्याचं बोला

इथे सगळ्यांना गहिवर आलेला दिसतोय, म्हणून जरा विरुद्ध बाजू.

पासपोर्टची विक्री कॅरिबियनमधल्या सेंट किट्सने १९८४ पासून चालवली आहे, डॉमिनिकाने १९९३ पासून. घेणारे कोण? ज्यांना आपल्या देशातल्या तपासयंत्रणांपासून लांब राहायचंय असेही त्यात असतात. पॅसिफिकमधल्या वानुआतूने इतक्या सैल हाताने पासपोर्ट वाटले की युरोपीय संघाने आधी त्यांची बिनव्हिसा सवलत स्थगित केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढूनच टाकली. नाउरूने १९९० च्या दशकात कागदी बँकांची दुकानं उघडली, त्यात रशियातला पैसा धुतला गेला. सार्वभौमत्व विकता तर त्याच्या दर्जाचीही जबाबदारी घ्या ना. गरीब रशियन पेन्शनरांच्या पैशाचं काय? तेही गरीबच होते.

खारावारा

@कायद्याचं बोला, तक्रार रास्त आहे. पण पैसा धुणारी बेटं म्हणून ज्यांची नावं पहिल्यांदा येतात ती बघा: केमन, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, बर्म्युडा. तिन्ही ब्रिटनची. लंडनला हवं तेव्हा लगाम ओढता आला असता. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये कंपनी काढायला मालकाचं नाव सांगावं लागत नव्हतं, त्या राज्याला कुणी काळ्या यादीत टाकलं नाही. यादी करणारे देश स्वतःला यादीत घालत नाहीत.

मोठ्या कंपन्यांना किमान १५ टक्के कर हा नियमही २०२१ मध्ये असाच आला. तत्त्व म्हणून मला तो पटतो. पण ज्या बेटाला कारखाना काढता येत नाही आणि ज्याचं एकमेव आमिष कमी कर हेच होतं, त्याला बदल्यात काय मिळालं, हे कुणी विचारलं नाही.

निंबोणी

नाउरूचा उल्लेख दोनदा झाला. पण नाउरूकडे तर माल होता! फॉस्फेट. तिथे तुमचं प्रमेय कोसळतं की.

खारावारा

कोसळत नाही, वाकतं. निंबोणीताई, ही गोष्ट जरा निवांत सांगायला हवी.

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून नाउरूचा एक दगड ठेवलेला असायचा. सगळे तो लाकडाचा अश्म समजत. १९०० च्या सुमाराला तिथल्या अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने तो तपासून घेतला, तर उत्तम दर्जाचं फॉस्फेट. खत! १९०६ ला खोदाई सुरू झाली, तेव्हा बेट जर्मनीच्या ताब्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून आयोग नेमला आणि खोदाई हातात घेतली. फॉस्फेट जगाच्या बाजारभावाने विकलं जात नव्हतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना स्वस्तात जात होतं. त्या दोन देशांच्या हिरव्या कुरणांखाली नाउरूची जमीन आहे, असं म्हटलं तर ती अलंकारिक भाषा नाही.

१९६८ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९७० मध्ये खाणी ताब्यात आल्या. पुढची दहा-पंधरा वर्षं नाउरू माणशी उत्पन्नात जगातल्या अव्वल देशांत. २१ चौरस किलोमीटरचा देश, स्वतःची विमान कंपनी, मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस. १९९३ ला लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात पैसे घातले, ते साफ आपटलं. उधळपट्टी झाली, सल्लागारांनी धुतलं, नेत्यांनी खाल्लं, तिन्ही खरं. २००४ ला ती इमारतही कर्जवसुलीत गेली.

पण मागे उरलेलं बघा. बेटाच्या मधल्या पठारावरून फॉस्फेट खरवडून काढल्यावर चुनखडीचे उंच सुळके उघडे पडले. तिथे शेती नाही, घर नाही, साधं चालताही येत नाही. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग असा. नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ ला कोर्टाबाहेर तडजोड झाली, १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. स्वातंत्र्यापूर्वी उपसलेल्या जमिनीचा हा हिशेब.

माल संपला आणि नाउरू पुन्हा आपल्या यादीवर आला. बँका झाल्या. २००१ पासून ऑस्ट्रेलियाला नको असलेले निर्वासित ठेवून घ्यायची छावणी. मान्यता कधी तैवानला, कधी चीनला: २००२ मध्ये चीन, २००५ मध्ये तैवान, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा चीन. आता नागरिकत्वाची विक्रीही सुरू आहे. म्हणून म्हटलं, प्रमेय वाकतं. माल असला तरी तो संपेपर्यंतच.

निंबोणी

दार अडवायचा दगड! हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

हिशेबनीस

मॉरिशसबद्दल कुणीच लिहिलं नाही, आश्चर्य आहे. मराठी समाज असलेला देश, आपण तरी विसरू नये.

१९६१ साली जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने (पुढे १९७७ ला नोबेल) मॉरिशसबद्दल फार निराशेचा अहवाल दिला होता. ऊस सोडून काही नाही आणि लोकसंख्या फुगतेय, असा सूर. तरीही देश वर आला. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला, १९७५ पासून युरोपला ठरलेल्या चढ्या भावाने ठरलेली साखर विकता आली, त्या पैशातला काही कापडगिरण्यांत गेला. हाँगकाँगचे कारखानदार आले, कारण श्रीमंत देशांनी त्यांना ठरवून दिलेला कापडाचा कोटा भरला होता आणि मॉरिशसचा मोकळा होता.

पण हे यश नियमांच्या कृपेवर होतं. कापडाचे कोटे २००५ मध्ये गेले, साखरेचा करार २००९ ला संपला. मग वित्तसेवा, मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक करणाऱ्यांचा कर वाचवणारा भारताशी १९८३ चा कर-करार. २०१६ मध्ये भारताने तोही बदलून घेतला. इथे भारतच मोठा देश, हे लक्षात असू द्या. तरी प्रत्येक वेळी त्यांनी दुसरी शिडी शोधली, याचं श्रेय तिथल्या राज्यकर्त्यांना द्यायलाच हवं. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना उच्च उत्पन्न गटात घातलं आणि कोविडमुळे पुढच्याच वर्षी खाली उतरवलं.

ओसरी

म्हणजे वर चढलं की शिडी काढून घेतात. केळ्यांचंही तेच झालं ना?

हिशेबनीस

बरोबर. सेंट लुशिया, डॉमिनिका वगैरे बेटांवरच्या लहान शेतकऱ्यांची केळी युरोप सवलतीने घेत होता. लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या मळ्यांची केळी विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना ते खुपलं. अमेरिका स्वतः पिकवलेली केळी युरोपला विकत नव्हती, तरी तक्रार तिची. १९९९ मध्ये तिने १९ कोटी १० लाख डॉलरच्या युरोपीय मालावर शंभर टक्के जकात लावली. भांडण अटलांटिकच्या दोन काठांचं, मधल्या मधे बेटांवरचे हजारो शेतकरी केळ्यांतून उठले.

आणि वादळांचं गणित सांगून थांबतो. २००५ च्या कॅटरीनाचं नुकसान अमेरिकेच्या वार्षिक उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास होतं. २०१७ च्या मारिया वादळाने डॉमिनिकाचं केलेलं नुकसान तिथल्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. सव्वादोन वर्षांची कमाई एका रात्रीत. तरी स्वस्त कर्ज मिळायचं की नाही, हे बहुतांशी माणशी उत्पन्नावर ठरतं. कुक आयलंड्सचं उत्पन्न वाढलं म्हणून २०२० पासून त्यांना मदतपात्र देशांच्या यादीतून वगळलं. बरोबर त्याच वर्षी विमानं बंद झाली.

बार्बाडोस, ग्रेनाडा यांनी आता कर्जरोख्यांतच अट घालून घेतली आहे: वादळ आलं की हप्ते काही काळ थांबणार. बेरिल वादळानंतर २०२४ मध्ये ग्रेनाडाने ती वापरलीसुद्धा. माझ्या मते, परिषदांमधल्या भाषणांपेक्षा ही एक अट जास्त कामाची.

मुशाफिर

देश असणं हाच माल, हे पटलं. पण तुवालूच बुडाला तर?

खारावारा

त्यावरच सध्या हालचाल चालू आहे. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. वर्षाला २८० जणांना तिथे कायम राहायची परवानगी, बदल्यात तुवालूने इतर कुणाशी संरक्षण करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती लागणार. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांची नावं होती.

२०२३ मध्येच त्यांनी घटनेतही लिहून ठेवलं की जमीन गेली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. हे भावनेपोटी केलेलं नाही. राज्य राहिलं तर समुद्राची हद्द राहते, हद्द राहिली तर ट्यूनाचे दिवस विकता येतात. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सल्लामताने या म्हणण्याला बराच आधार दिला: राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्य नाहीसं होईलच असं नाही, आणि समुद्र वर चढला म्हणून आखलेल्या हद्दी बदलायची सक्ती नाही. ते प्रकरण न्यायालयात नेण्यात पुढाकार वानुआतूचा. वर ज्यांच्या पासपोर्टवर टीका झाली, तेच.

कायद्याचं बोला

सल्लामत बंधनकारक नसतं, एवढं नोंदवून ठेवतो. अँटिग्वाच्या हातातला निकाल तर बंधनकारक होता.